दुखणं अंगाचं, मग गोळी डिप्रेशनची कशाला?

आधी पत्र, थोडं कापून देतेय.

"ताई, मी ३९ वर्षांची, साताऱ्याजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. तीन वर्षं झाली अख्खं अंग दुखतंय, मान, खांदे, कंबर, मांड्या, आज इथे तर उद्या तिथे. सकाळी उठते ती रात्रभर कुणीतरी बडवून काढल्यासारखी. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी१२, एमआरआय सगळं नॉर्मल, व्हिटॅमिन डी कमी होतं ते पुड्या घेऊन भरून काढलं तरी फरक नाही. शेवटी पुण्यातल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी (सांधे-स्नायूंच्या दुखण्याचे डॉक्टर) फायब्रोमायल्जिया सांगितलं आणि ड्युलॉक्सेटिन लिहून दिली. केमिस्ट म्हणाला, मॅडम ही डिप्रेशनची आहे, टेन्शन घेता का फार? घरी येऊन गूगल केलं तर खरंच तसंच. सासूबाई (त्यांना शुगर आहे, तळपायांची आग होते म्हणून नसांची गोळी चालू आहे) म्हणाल्या, मी आधीच म्हणत होते सगळं मनाचं आहे. मिस्टर काहीच बोलत नाहीत. स्ट्रिप तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडलीये. फारच झालं की ऑर्थोच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली ट्रामाडॉलची गोळी घेते. रविवारी घर आवरलं की सोमवारी ठीक असते पण मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही, रजा संपत आल्यात. मैत्रीण म्हणते क्रॉनिक फटीग असेल. मी वेडी नाहीये ताई. गोळी घेऊ का नको?"

अगं, वेडी कोण म्हणतंय तुला. आणि ते वाक्य वाचून मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला, कारण अकरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी एका डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलले होते आणि त्यांनी मान वर न करता "मन कशात तरी रमवा" असं सांगून फी घेतली होती. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, फायब्रोची जुनी पेशंट आहे, दोन वेगवेगळ्या अँटीडिप्रेसंट घेऊन झाल्यात, एक सोडली, एक चालू आहे, वाचन बरंच केलंय. त्यामुळे डोस बदलायचा, बंद करायचं वगैरे तुझ्या डॉक्टरांशीच बोल, मी फक्त ड्रॉवर आणि तुझ्यामध्ये जे अडकलंय ते सोडवायचा प्रयत्न करते.

तुला खुपतंय ते नाव. अँटीडिप्रेसंट. आता बघ, हे नाव ती गोळी पहिल्यांदा कुठल्या दुकानात विकायला ठेवली त्याची पाटी आहे. टक्कल पडणारे पुरुष डोक्याला लावतात ते मिनॉक्सिडिल मुळात बीपीचं औषध, म्हणून ते लावणाऱ्याला बीपी आहे असं कुणी म्हणत नाही. इमिप्रामिन नावाची जुनी अँटीडिप्रेसंट लहान मुलांचं अंथरुण ओलं करणं थांबवायला वर्षानुवर्षं दिली गेलीये. अमिट्रिप्टिलीन मायग्रेनला देतात. आणि तुझी ड्युलॉक्सेटिन अमेरिकेत २००४ मध्ये डिप्रेशनसाठी मंजूर झाली, त्याच वर्षी डायबेटिसमुळे नसा दुखतात त्यासाठीही झाली आणि २००८ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी वेगळी मंजुरी मिळाली. म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी काही आडून आडून तुला वेड्यात काढलेलं नाही, तुझ्या दुखण्यालाच ती लिहिलीये. (युरोपातल्या औषध संस्थेने मात्र फायब्रोसाठी मंजुरी नाकारली, फायदा पुरेसा मोठा नाही म्हणून. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी गोळीची सेल्सगर्ल वाटेन.)

आता ती करते काय. तू शाळेतली आहेस म्हणून शाळेचंच सांगते. हेडमास्तरांच्या केबिनबाहेर स्टुलावर शिपाई बसलेला असतो ना, तो सगळ्यांना आत सोडत नाही. पेन्सिल हरवली म्हणून आलेल्या पोराला परत वर्गात पाठवतो, पोराचं डोकं फुटलं असेल तर लगेच आत घेऊन जातो. आपल्या मणक्यात असाच बंदोबस्त असतो, मेंदूकडून खाली येणाऱ्या काही नसा दुखण्याच्या बारीकसारीक बातम्या तिथल्या तिथे अडवतात, आणि या कामासाठी त्या जी रसायनं वापरतात त्यात सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन ही दोन महत्त्वाची. फायब्रोमध्ये हा शिपाई रजेवर गेल्यासारखा असतो आणि वर केबिनमध्ये हेडमास्तरही चिडलेले, त्यामुळे पिशवीचा बंद खांद्यावर घासला तरी आत बातमी जाते की डोकं फुटलं. म्हणून एमआरआयमध्ये काही दिसत नाही, कारण हाडामांसात बिघाड नाहीये, बातमी पोचवण्याच्या यंत्रणेत आहे. दुखणं शंभर टक्के खरं असतं. ड्युलॉक्सेटिन त्या दोन रसायनांचं प्रमाण दोन नसा जिथे जुळतात तिथे टिकवून ठेवते म्हणजे शिपायाला जरा कामावर बसवते. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ट्रायलमध्ये ज्यांना डिप्रेशन अजिबात नव्हतं अशा फायब्रोच्या बायकांनाही दुखण्यात फरक पडला होता. मूड सुधारला म्हणून दुखणं विसरलं असा तो प्रकार नाही.

म्हणूनच सगळ्याच अँटीडिप्रेसंट दुखण्याला चालत नाहीत. नुसत्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, म्हणजे फ्लुऑक्सेटिनसारख्या, दुखण्यात मागे पडतात. चालतात त्या मुख्यतः ड्युलॉक्सेटिन, मिलनासिप्रान आणि जुन्यातली अमिट्रिप्टिलीन. अमिट्रिप्टिलीन तर डिप्रेशनला ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत देतात आणि आपल्याला रात्री १० किंवा २५, एवढ्याशा डोसने डिप्रेशनचं काहीसुद्धा होत नाही, झोप आणि दुखण्यासाठीच ती असते.

आता सासूबाईंच्या गोळीचं. जरा त्यांची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं वाच. तळपायांच्या आगीला आपल्याकडे प्रीगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलीन एकत्र असलेली गोळी भरपूर लिहिली जाते, आणि ते नॉरट्रिप्टिलीन म्हणजे अँटीडिप्रेसंटच, अमिट्रिप्टिलीनची सख्खी बहीण. असेलच असं नाही, त्यांच्या गोळीत नुसतं प्रीगाबालिन आणि बी१२ पण असू शकतं. पण असलंच तर एकदा हसून घे मनातल्या मनात, मग शांतपणे त्यांना दाखव. भांडणात वापरू नकोस गं, नाहीतर त्या बिचाऱ्या उद्यापासून स्वतःची गोळी बंद करतील आणि पायांची आग परत सुरू होईल, तीही तुझ्याच डोक्यावर.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली, ट्रामाडॉल. तू ते जाता जाता लिहिलंस. ट्रामाडॉल आणि ड्युलॉक्सेटिन दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, एकत्र पडल्या की कधीकधी ते फार वाढतं, मग थरथर, घाम, धडधड, ताप, जुलाब, बेचैनी, अंग ताठ होणं असं होऊ शकतं आणि ती हॉस्पिटलात न्यायची वेळ असते. रोज कुणाला होत नाही पण होतं. शिवाय ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं औषध आहे, २०१८ पासून नार्कोटिक्सच्या कायद्याखाली आलंय, जुन्या चिठ्ठीवर कपाटात साठवून अधूनमधून घ्यायची ती गोळी नव्हे. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना तू हे सांगितलं होतंस का? मला वाटतं नाही, कारण आपण "चालू औषधं" म्हटलं की रोजची तेवढी सांगतो, अधूनमधूनची विसरतो. तर गोळी सुरू करायच्या आधी एक फोन कर आणि हे सांग. त्याच फोनवर बाकीचंही सांगून टाक, बीपी आहे का, लिव्हरचं काही झालं होतं का, काचबिंदू आहे का, घरात कुणाला किंवा तुला कधी खूपच तेजी आणि मग खूप मंदी असा मूडचा आजार होता का, दिवस राहण्याचा विचार आहे का. आणि डोकं दुखलं की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन खायची सवय असेल तर तेही, कारण या गोळीबरोबर त्यांनी पोटात रक्तस्त्राव व्हायचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालेल का ते विचारून ठेव म्हणजे दुखलं तर काय घ्यायचं हा प्रश्न रात्री अकरा वाजता पडणार नाही.

गोळी सुरू केलीस तर काय होईल? साधारण ३० मिलिग्रॅमने सुरू करतात, आठवड्याने ६०. त्याच्या वर १२० वगैरे नेऊन फायब्रोमध्ये जास्त फायदा दिसलेला नाही, साइड इफेक्ट मात्र वाढतात, त्यामुळे "फरक नाही म्हणून स्वतःच दोन घेतल्या" हे करायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, हे बऱ्याच जणांचं रडगाणं, रिकाम्या पोटी घेतलीस तर जास्तच. तोंडाला कोरड, घाम, बद्धकोष्ठ, कुणाला झोप येते कुणाची उडते. मी रात्री घ्यायचे तर पंख्याची पाती मोजत बसायचे, डॉक्टरांना विचारून सकाळच्या पोह्यांनंतर घ्यायला लागले तेव्हा कुठे जमलं. कॅप्सूल उघडून पाण्यात घालून घेऊ नकोस, आतले दाणे पोटातल्या अॅसिडने खराब होतात. नवराबायकोच्या संबंधांतली इच्छा कमी होऊ शकते, हे आपल्याकडे डॉक्टर सांगत नाहीत आणि पेशंट विचारत नाही आणि मग दोघंही आपापल्या जागी दोष शोधत बसतात, म्हणून मी लिहून टाकते. आणि हे सगळ्याच वाचकांसाठी, खास करून पंचविशीच्या आतल्या पोरापोरींसाठी, सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर मनात जीव द्यायचे विचार यायला लागले, उगाच जिवाची तगमग व्हायला लागली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी घरात सांगायचं, डॉक्टरांना फोन करायचा, रात्रीबेरात्री कुणी नसेल तर सरकारचा टेलीमानसचा १४४१६ हा नंबर आहे.

किती फरक पडेल म्हणशील तर इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. वेगवेगळ्या ट्रायल एकत्र करून काढलेला हिशोब असा की साधारण आठ जणींना ड्युलॉक्सेटिन दिली तर त्यातल्या एकीचं दुखणं निव्वळ त्या गोळीमुळे निम्म्यावर येतं. आणखी काहींना थोडा फरक पडतो, काहींना काहीच नाही, काहीजणी मळमळीला कंटाळून पंधरा दिवसांत सोडतात. मला स्वतःला काय झालं, आधी अमिट्रिप्टिलीन १० दिली होती, पहिल्या रात्री अशी झोपले की सकाळी दूधवाला बेल वाजवून वाजवून गेला, झोप सुधारली पण चार महिन्यांत चार किलो वजन वाढलं आणि अकरापर्यंत डोकं ओल्या गोधडीसारखं जड, म्हणून ती सोडली. ड्युलॉक्सेटिनवर दुखणं गेलं नाही. दहापैकी आठ होतं ते पाचवर आलं. पण पाचवर मी पोळ्या लाटू शकते, बसमधून उभी जाऊ शकते, आठवर नव्हते करू शकत, एवढाच काय तो हिशोब. तुझा दहाचा आकडा आज किती आहे ते लिहून ठेव, कारण दोन महिन्यांनी तुला तो आठवणार नाही आणि मग "काही फरक नाही बाई" म्हणशील किंवा उलटं.

पूर्ण डोसवर सहा ते आठ आठवडे दे तिला, मग ठरव. आणि बंद करायची झाली तर एका दिवसात नाही. मी एकदा गुहागरला लग्नाला गेले आणि स्ट्रिप पुण्यात राहिली, तिथल्या दोन दुकानांत मिळाली नाही, तिसऱ्या दिवशी डोकं वळवलं की आतून करंट बसल्यासारखं व्हायचं, चक्कर, उगाच रडू. लोकांना वाटलं मुलीकडची म्हणून रडतेय. याला व्यसन म्हणत नाहीत, शरीराला अचानक बंद झालेलं सोसत नाही, डॉक्टर हळूहळू उतरवून देतात तेव्हा सहसा निभावतं.

आता ती मंगळवारची गोष्ट, जी तू अशीच लिहून गेलीस आणि मला पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली. रविवारी काम, सोमवारी ठीक, मंगळवारी कोसळणं. दमणं आणि हे वेगळं. दमलेला माणूस त्याच रात्री दमतो आणि झोपून उठला की बरा होतो. काम केल्यावर बारा तासांनी, दोन दिवसांनी अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखं होणं, डोकं न चालणं, आणि ते दिवसचे दिवस, कधी आठवडे राहणं, ही मैत्रीण म्हणते त्या क्रॉनिक फटीगची, डॉक्टर हल्ली एमई-सीएफएस लिहितात त्याची, मुख्य खूण आहे. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही, फायब्रोमध्येही थकवा भयंकर असतो आणि दोन्ही एकत्र असणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे कारण दोन गोष्टी बदलतात.

एक म्हणजे गोळीकडून अपेक्षा. अँटीडिप्रेसंटने एमई-सीएफएस बरा होत नाही, नेदरलँड्समध्ये १९९६ साली फ्लुऑक्सेटिन देऊन पाहिली होती, थकव्यात काही फरक पडला नाही. दुखणं, झोप यासाठी अमिट्रिप्टिलीनसारखी थोडी देतात तेवढंच, आणि हा आजार असलेल्यांना औषधं लवकर बाधतात म्हणून एकदम कमीवरून सुरू करतात. फायब्रोमध्येसुद्धा ड्युलॉक्सेटिन दुखण्यावर जेवढी चालते तेवढी थकव्यावर चालत नाही. म्हणजे तू गोळी घेतलीस, खांदे जरा हलके झाले आणि मंगळवार तसाच राहिला, तर गोळी फेल गेली असं समजू नकोस. तिचं ते कामच नव्हतं.

दुसरं म्हणजे व्यायाम. फायब्रोमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा औषधाचा नाहीच, हळूहळू वाढवलेल्या व्यायामाचा आहे, चालणं, पाण्यात चालणं, हलके वजन. पण कोसळणं असेल तिथे हाच सल्ला अंगावर येतो. ब्रिटनमध्ये नाईस नावाची संस्था डॉक्टरांसाठी नियम काढते, त्यांनी २०२१ मध्ये एमई-सीएफएससाठी दर आठवड्याला ठरवून व्यायाम वाढवत न्यायचा जुना सल्ला काढून टाकला आणि आपली ताकद बघून तिच्या आत राहायला सांगितलं. म्हणून कुणी "रोज पाच किलोमीटर चाल, सगळं पळून जाईल" म्हटलं तर मान डोलव आणि घरी ये. तीन आठवडे फक्त वहीत लिही, काय केलं आणि त्यानंतर दोन दिवस कसे गेले. रविवारचं घर रविवारी आवरायचं नाही. शनिवारी एक खोली, बुधवारी एक, मध्ये बसायचं, आणि जे राहील ते राहील, जाळं लागलं कोपऱ्यात तर लागू दे. मिस्टर काही बोलत नाहीत म्हणतेस ना, मग त्यांना बोलायला नको लावूस, झाडू दे हातात. गप्प माणसं कधीकधी कामाला बरी असतात.

मी पुढचं पान उलटून कॅलेंडर पाहिलं, गौरी-गणपती तोंडावर आलेत. तुझ्याकडे गौरी बसतात का माहीत नाही पण साताऱ्याकडच्या घरात बहुतेक बसतातच. त्या आठवड्यात नवी गोळी सुरू करू नकोस, मळमळत पुरणाच्या वासात उभी राहशील आणि दोष गोळीला देशील. आधी तो फोन, ट्रामाडॉलचा. डॉक्टर हो म्हणाले तर गौरी गेल्यावर जो पहिला शनिवार येईल, शाळेला दुसऱ्या दिवशी सुट्टी, सकाळी पोटभर नाश्ता करून पहिली कॅप्सूल. स्ट्रिपवर बॉलपेनने तारीख घाल, शेजारी तो दहापैकीचा आकडा. आणि पुरण यंदा विकतचं आण, सासूबाईंना सांग ताईने सांगितलंय.